चित्र रिकामं परत करायचं नसतं

ओरेस्ट चोर्नी गाव सोडून चालला आहे, ही बातमी मला ओरेस्टने सांगितली नाही. नेटी फ्रीसनने सांगितली, आणि तीही सप्टेंबरात, ग्रंथालयात पुस्तक परत करता करता, हवामान सांगावं तशी.

"ईस्टरला त्याची मुलगी येणारे म्हणे ट्रेलर घेऊन. सगळं सामान भरून पार डोंगरांपलीकडे केलोनाला नेणार. तिकडे थंडी नसते. सफरचंदं होतात."

"सफरचंदं आपल्या को-ऑपच्या दुकानातही मिळतात," मी म्हटलं.

"माझ्यावर कशाला खेकसतेस, मार्डेल? मी थोडीच नेतेय त्याला?"

मी खेकसले नव्हते. माझा आवाजच तसा आहे. एकोणीस वर्षं मी बार्ली क्रॉसिंगचं ग्रंथालय सांभाळते आहे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, आणि ग्रंथालयात हळू बोलायचं असतं हा नियम मी गावाला लावला असला तरी स्वतःला कधी लावलेला नाही. गावाची वस्ती तीनशे बारा. त्यातला एक ओरेस्ट.

रेल्वेच्या रुळांपाशी धान्याचं उंच लाकडी कोठार होतं, ते ओरेस्टने तीस वर्षं चालवलं. कंपनीने ते पाडलं तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. बाकीचे लोक अशा वेळी पितात, नाहीतर मासे धरायला जातात. ओरेस्ट शहरात गेला आणि तैलरंगांच्या नळ्या घेऊन आला. तेव्हापासून अठरा वर्षं तो एकच गोष्ट काढतो आहे, आभाळ. कॅनव्हासभर आभाळ आणि खाली दोन बोटं जमिनीची पट्टी. घर नाही, माणूस नाही, झाड नाही. अशी एक्केचाळीस चित्रं त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकाला एक टेकून उभी होती, आणि गावातल्या एकाही भिंतीवर त्यातलं एकही नव्हतं.

चित्रं वाईट होती म्हणून नव्हे. आमच्याकडे शेजाऱ्याचं चित्र विकत घ्यायला जाणं म्हणजे मोठी अवघड बाब. तो पैसे घेणार नाही, तसंच देऊन टाकेल, मग ते ओझं जन्मभर. आणि समजा घेतले पैसे, तर को-ऑपमधल्या कॉफीच्या टेबलावर कोणीतरी म्हणणारच, "काय बुवा, आता तुमच्याकडे भिंतीला चित्रं लागतात!" त्यापेक्षा बँकेचं कॅलेंडर बरं. ते फुकट मिळतं आणि त्यात तारखाही असतात.

नेटी गेल्या गेल्या मी ग्रंथालयाला कुलूप घातलं, बंद व्हायच्या वेळेआधी वीस मिनिटं, आणि ओरेस्टच्या घरी गेले.

"जातोयस म्हणे."

"नेटी?"

"ते सोड. का जातोयस?"

तो मांजराला खायला घालत होता. मांजर आंधळं आहे, त्यामुळे बशी त्याच्या नाकाखाली धरावी लागते. "इथं काय आहे माझं?" तो म्हणाला. "हे मांजर आणि ती चित्रं. मांजर बरोबर येईल. चित्रं लेस्या तिच्या गॅरेजमध्ये ठेवेल."

"गॅरेजमध्ये कोण बघणार?"

"इथं कोण बघतंय? अठरा वर्षांत या गावात माझं चित्र कोणी धड पाहिलेलं नाही, मार्डेल. येतात, 'छान आहे' म्हणतात, आणि मग फ्रीजवरचं हॉकीचं वेळापत्रक वाचत उभे राहतात. वेळापत्रक जास्त वेळ वाचतात."

मीही ते वेळापत्रक वाचलेलं होतं.

आता एक गोष्ट सरळच सांगते. मला ओरेस्ट जायला नको होता. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं दर शनिवारी पावणेचारला ओरेस्ट ग्रंथालयात येतो, महायुद्धाचं एखादं जाडजूड पुस्तक घेतो आणि बंद व्हायच्या वेळेपर्यंत माझ्याशी कशावरून तरी भांडतो. त्या भांडणाची मला सवय झाली होती. सवय हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण दुसरा शब्द वापरायचं माझं वय नाही असं मला तेव्हा वाटत होतं.

परतताना डोक्यात विचार आला. पुस्तक कोणी विकत घेत नाही, पण ग्रंथालयातून नेतात की! त्याचं ओझं वाटत नाही, कारण ते कुणा एकाचं नसतं. मग चित्र का नाही न्यायचं? महिनाभर घरी, भिंतीवर, नावाच्या कार्डावर, मागे खिसा आणि तारखेचा शिक्का. मी तशीच मागे फिरले. ओरेस्ट तासभर नाही म्हणाला. मग त्याने कागदावर सही केली की चित्रं आजपासून ग्रंथालयाच्या ताब्यात. "ईस्टरपर्यंत," तो म्हणाला. "तेवढीच तुझी हौस."

पहिले तीन आठवडे एकही चित्र हललं नाही. लोक पुस्तकं न्यायचे आणि भिंतीवरच्या चित्रांना वळसा घालून जायचे. शेवटी मी नेटीच्या हातात एक कोंबलंच. तिची तीन पुस्तकं गेल्या उन्हाळ्यापासून परत आलेली नव्हती, आणि ते मला माहीत होतं, हे तिला माहीत होतं.

नेटीने ते महिन्याभराने परत आणलं, आणि चित्राबरोबर सस्कॅटून नावाची रानबोरं भरून भाजलेला एक अख्खा गोड 'पाय'.

"हे काय?"

"अगं, रिकामं कसं परत करायचं?"

हे मला समजायला हवं होतं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत जात नाही. माझ्या आईने एकदा एक कढई तीन वर्षं परत केली नव्हती, कारण तीत घालण्याजोगं काही तिला सुचलं नव्हतं. चित्र हे काही भांडं नव्हे, पण उसनं आणलेलं तर होतंच.

नेटीने नेलं म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. नाताळपर्यंत बावीस चित्रं बाहेर होती, आणि परत येताना प्रत्येकाबरोबर काहीतरी यायचं. कोबीचे रोल, खजुराचे केक, लोणच्याच्या बरण्या, लाल जेलीत गाजर घातलेली ती एक भयंकर गोष्ट. मी वजनाने फुगले. ओरेस्ट दर शनिवारी यायचा आणि रिकामे खिळे मोजायचा. आणि थांबायचा पाचच्या, बंद व्हायच्या वेळेच्या, पुढे.

जानेवारीत उंदीर झाले. संदर्भग्रंथांच्या कपाटात, विश्वकोशाच्या चौथ्या खंडामागे, अख्खं कुटुंब. विभागाच्या मुख्य कार्यालयातून फोन आला आणि मला फैलावर घेण्यात आलं. मी त्याच दिवशी दारावर पाटी लावली, माझ्या सगळ्यात मोठ्या अक्षरात: चित्र परत करताना खाद्यपदार्थ आणू नयेत. अजिबात!

सगळ्या अनर्थाचं मूळ ही पाटी. हे मी आज कबूल करते, तेव्हा केलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, बाहेर उणे चौतीस, एल्मर टोर्गरसन चित्र काखोटीला मारून आला. एल्मर ऐंशीचा, एकटा, गावाच्या वायव्येला शेत. त्याने चित्र टेबलावर पालथं ठेवलं, "ठीकाय मग," म्हणाला आणि इतक्या घाईने निघाला की हातमोजा विसरला. एल्मर कधी घाईत नसतो. मी चित्र उलटं केलं.

जमिनीच्या पट्टीवर, उजवीकडे, गाय होती.

तपकिरी गाय. आधी नव्हती. रंग अंगणातल्या लाकडी ओट्याला लावतात तो, चांगला जाड, अजून थोडा चिकट. चारही पायांचे गुडघे उलट्या बाजूला वळलेले. आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. अर्ध्या तासात ओरेस्ट येणार. मी गाय कपाटामागे लपवली आणि मग मनात शंका आली, म्हणून परत आलेली बाकीची चित्रं भिंतीवरून उतरवून खिडकीपाशी नेली. पाटी लावल्यापासून परत आलेली नऊ होती. नऊपैकी सातांत काहीतरी होतं. एकात लाल ट्रक, करंगळीच्या नखाएवढा. एकात दूरवर कोठार. एकात नुसता पिवळा ठिपका, खिडकीतल्या दिव्याचा. नेटी जानेवारीत पुन्हा एक घेऊन गेली होती, त्यात कपडे वाळत घातलेली दोरी.

मी नेटीला फोन लावला.

"नेटी, तू ओरेस्टच्या चित्रात दोरी काढलीस?"

"दिसली का? मला वाटलं फार बारीक झाली."

"अगं बाई, चित्रात कोणी काढतं का? दुसऱ्याच्या?"

"मग काय करायचं होतं? तूच पाटी लावलीस ना, खायचं काही आणायचं नाही म्हणून! रिकामं परत करवेना. आणि ते चित्र बघ, किती जागा होती त्यात. त्यालाही बरं वाटेल, म्हटलं."

"आणि हा लाल टॉवेल कशाने रंगवलास?"

"नेलपॉलिश. टॉवेल लालच होता गं. माझ्याकडे लाल तेवढंच होतं."

मी कपाळाला हात लावला आणि फोन ठेवला. मागे वळले तर ओरेस्ट उभा. घड्याळात तीन पस्तीस. आठ वर्षांत पहिल्यांदा तो लवकर आला होता, आणि कपाटामागून गाईचं अर्धं तोंड बाहेर दिसत होतं.

त्याने ते चित्र ओढून काढलं. मग खिडकीपाशी मांडलेली बाकीची एकेक करून पाहिली. चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. मी बोलत सुटले होते, लोकांचा उद्देश वाईट नव्हता, माझ्या पाटीमुळे, उंदरांमुळे, टर्पेंटाइनने निघेल, मी स्वतः काढून देईन. त्याला काही ऐकू जात नव्हतं. कानापासून मानेपर्यंत तो लाल झाला.

"एल्मर?" त्याने विचारलं.

"हो. पण ओरेस्ट, तो म्हातारा माणूस—"

"मी काय तरुण आहे?"

गाय बगलेत मारून तो बाहेर पडला. त्याने टोपीसुद्धा कानांवर ओढली नाही. मी कोट घालून मागे धावले. ग्रंथालय तासभर आधी बंद झालं, ते कुणी मुख्य कार्यालयाला सांगू नये.

को-ऑपच्या मागच्या टेबलावर आमचे शेतकरी रोज दोनदा कॉफीला बसतात आणि फासे टाकून कोणी पाजायची ते ठरवतात. एल्मर तिथंच होता, एक हात मोज्यात, एक उघडा. ओरेस्टने चित्र टेबलावर आपटलं. फासे खाली पडले.

"ही काय आहे?"

"गाय," एल्मर म्हणाला.

"ते मला दिसतंय! वारा कुठला आहे या चित्रात?"

एल्मरने वाकून पाहिलं. "वायव्येचा."

"वायव्येचा. आणि ही तुझी गाय वाऱ्याला तोंड देऊन उभी आहे. सगळ्या जगातली गुरं वाऱ्याकडे शेपूट करतात. साठ वर्षं गुरं पाळलीस, तुला एवढंही माहीत नाही?"

"मला माहीत आहे. बर्थाला माहीत नव्हतं."

"कोण बर्था?"

"ही." एल्मरने गाईवर बोट ठेवलं. "ही अशीच उभी राहायची. वाऱ्यात तोंड करून. हट्टी होती. माझी बायको म्हणायची, ही तुझ्यावर गेलीय."

ओरेस्टने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"हे माझं शेत आहे," एल्मर म्हणाला. "मला आधी कळलंच नव्हतं. रोज जेवताना समोर होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात एकदम ही खळगी ओळखू आली, इथं, कडेला. तळ्यापलीकडचं शेत माझं. आणि त्यात गुरं नाहीत. अरे, माझ्या जन्मात त्या शेतात गुरं नाहीत असा एक दिवस गेला नाही, आणि तू ते रिकामं काढलंस. मला जेवण जाईना."

"तसा दिवस गेलाय," ओरेस्ट म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तू सगळी गुरं विकलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी गाडी थांबवून कुंपणापाशी उभा होतो. म्हटलं, कोणीतरी हे लिहून ठेवायला हवं. मला लिहिता येत नाही. म्हणून काढलं."

एल्मरने उघड्या हाताने चित्र आपल्याकडे ओढलं.

मी दारात उभी होते, आणि माझ्या डोक्यात ग्रंथालयातली बाकीची चित्रं एकामागून एक येत होती. तो लाल ट्रक गावातल्या रॉयच्या थोरल्या मुलाचा होता, तो कॅल्गरीला गेला तो गेलाच. पिवळा दिवा होता तिथं शाळा होती. नेटीच्या दोरीचं घर तर तिच्या बहिणीचं, दोन वर्षांपूर्वी अख्खं लाकडी घरच उचलून ट्रकवर घालून नेलं. ओरेस्ट अठरा वर्षं आभाळ काढत नव्हता. गावातून जे जे गेलं, त्याची जागा काढत होता. आणि आम्ही म्हणत होतो, छान आहे. मला तिथंच रडू आलं, आणि मी ते थंडीवर ढकललं.

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?" एल्मरने विचारलं.

"तू तेव्हा काय म्हणालास आठवतं? 'छान आहे' म्हणालास. आणि हॉकीचं वेळापत्रक वाचलंस."

"बाद फेरी चालू होती तेव्हा!"

"पण हे गुडघे!" ओरेस्ट पुन्हा तापला. बहुधा त्याला तापल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. "गाय काढायचीच होती तर धड काढायची. हे काय आहेत, बिजागऱ्या? माझ्या चित्रात असले गुडघे राहणार नाहीत. मंगळवारी दोन वाजता ग्रंथालयात ये. ब्रश घेऊन ये. तो ओट्याचा रंग आणलास तर बाहेर काढीन."

"माझ्या गाईचे गुडघे तू मला शिकवणार?"

"कोणीतरी शिकवायलाच हवेत!"

मंगळवारी दोन वाजता एल्मर आला. त्याच्यामागे नेटी आली, मग रॉय, मग को-ऑपचं सगळं टेबल, मग लाल जेलीवाली. अकरा जण. ज्यांनी आयुष्यात कुंपणाशिवाय काही रंगवलं नव्हतं, ते माझ्या वाचनाच्या टेबलांवर वर्तमानपत्रं पसरून बसले. ओरेस्टसारखा वाईट शिक्षक मी पाहिलेला नाही. तो शिकवत नाही, ओरडतो. "हे आभाळ आहे की बादली?" "नेटी, दोरी वाऱ्यात ताठ राहते का कधी?" पहिल्या दिवशी त्याने कोणाला गाय काढू दिली नाही, घर काढू दिलं नाही, फक्त जमिनीची रेघ काढायला लावली, दोन तास. पुढच्या मंगळवारी चौदा जण आले.

चित्रं भराभर जायला लागली. ज्याला त्याला आपलं शेत, आपला कोपरा शोधायचा होता. शेडमध्ये उरलेलीही ओरेस्टने आणून दिली. मार्चच्या मध्याला चाळीस बाहेर होती आणि एकच भिंतीवर राहिलं होतं, सगळ्यात लहान, पिवळ्या आभाळाचं.

"सगळ्यांच्या गळ्यात चित्रं मारतेस," एल्मर एका मंगळवारी म्हणाला, चांगला मोठ्याने, "तुझ्या भिंतीवर काय आहे गं, मार्डेल?"

"माझ्याकडे जागा नाही."

"बँकेचं कॅलेंडर आहे," नेटी म्हणाली. "मी पाहिलंय."

सगळे हसले. ओरेस्ट हसला नाही. मी त्यांना सांगणार काय? मी ओरेस्टचं चित्र घरी नेलं असतं तर संध्याकाळच्या आत गावाने आमचं लग्न लावलं असतं. पण त्या दिवशी सगळे गेल्यावर मी पिवळं आभाळ उतरवलं, माझ्या कार्डावर शिक्का मारला आणि ते टॉवेलात गुंडाळून मागच्या गल्लीने घरी नेलं. स्वयंपाकघरात टेबलासमोर लावलं.

ईस्टर जवळ येत होता. जायचं रद्द, असं ओरेस्ट म्हणाला नाही. मी विचारलं नाही. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. विचारलं आणि उत्तर नको ते आलं, तर त्याच माणसाला पुढे रोज को-ऑपमध्ये भेटायचं असतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, नऊ चाळीसला नेटीने तिच्या खिडकीतून ट्रेलर पाहिला. पावणेदहाला माझा फोन वाजला.

"मार्डेल, माझ्या चित्राची मुदत वाढव."

"तुझी अजून तीन आठवडे आहे."

"असू दे. वाढव."

तो फोन ठेवते तोच दुसरा. मग तिसरा. साडेदहापर्यंत मी शिक्का मारून मारून थकले. रॉयने जूनपर्यंत वाढवून मागितली. जेलीवालीने कारण दिलं की चित्रामागे भिंतीला भोक आहे. एल्मर स्वतः आला, दोन्ही हातमोजे घालून. "ऑगस्ट," म्हणाला. "पेरणीत वेळ होणार नाही बघायला."

"तू शेत भाड्याने दिलंयस, एल्मर."

"ऑगस्ट."

अकरा वाजता लेस्या आली. उंच, वडिलांसारखीच लाल मान, हातात चित्रं गुंडाळायच्या घोंगड्या. तिच्यामागे ओरेस्ट, टोपी हातात.

"शेड रिकामी आहे," लेस्या म्हणाली. "बाबा म्हणतात चित्रं तुमच्याकडे आहेत."

"लोकांकडे आहेत. नावावर गेलीत."

"मग परत मागवा. आम्ही शनिवारी निघतोय."

"मुदत संपल्याशिवाय परत मागवता येत नाहीत."

"मुदत कधी संपते?"

मी यादी पुढे केली. तिने वाचली. जून, जून, जुलै, मे, जून, ऑगस्ट. "आणि मग पुन्हा वाढवता येते?"

"दुसऱ्या कुणी मागितलं नसेल तर कितीही वेळा."

"ठीक आहे. मी मागते. सगळी."

"जरूर. तुमच्याकडे ग्रंथालयाचं कार्ड आहे? गावचा पत्ता लागतो."

लेस्या बापाकडे वळली. "बाबा, चित्रं तुमची आहेत!"

"होती," ओरेस्ट म्हणाला, टोपीच्या आत बघत. "मी सही केलीय. नियम आहे, लेस्या."

"मग राहू देत चित्रं इथंच. तुम्ही चला. चित्रं मागून येतील."

तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला, आणि मला ती मुलगी आवडली, जरी त्या क्षणी तिला ट्रेलरसकट तळ्यात ढकलावंसं वाटत होतं. मी शिक्का उचलला, ठेवला. ओरेस्टने टोपी फिरवली.

"मंगळवारी एल्मर मागच्या पायांवर येणार आहे," तो म्हणाला. "पुढचे झालेत. आता मध्येच सोडलं तर तो पुन्हा बिजागऱ्या लावेल."

लेस्याने यादी खाली ठेवली. "बाबा, तुम्हाला यायचंच नाहीये."

"तू विचारलं नव्हतंस."

"मी दर रविवारी फोनवर विचारत होते!"

"तू विचारायचीस, 'कधी येताय?' येताय का, असं नाही विचारलंस."

लेस्याने घोंगड्या माझ्या टेबलावर टाकल्या आणि खुर्चीत बसली. तिला राग आला होता, पण चेहऱ्यावर दुसरंही काही होतं. सुटल्यासारखं म्हणावं तर तसं. केलोनाला तिचं घर लहान आहे, हे मला नेटीकडून माहीत होतं. काहीतरी करायचं म्हणून तिने यादी पुन्हा उचलली आणि वरपासून मोजली.

"ही चाळीसच आहेत. बाबा एक्केचाळीस म्हणाले."

"एक बाहेर आहे," मी म्हटलं.

"सगळीच बाहेर आहेत. हे कुणाकडे?"

"वाचकाचं नाव आम्ही सांगत नाही."

"चाळीस नावं तुम्हीच आत्ता माझ्या हातात दिलीत."

माझी मानही लाल होते, हे मला त्या दिवशी कळलं. एल्मर अजून दारापाशीच रेंगाळत होता. मोजे काढायचे की घालायचे हे त्याचं ठरत नव्हतं.

"पिवळं आभाळ," ओरेस्ट म्हणाला. "तिच्या स्वयंपाकघरात आहे. दिवा लावला की रस्त्यावरून दिसतं."

"तू माझ्या खिडकीतून आत बघतोस?"

"माझं चित्र बघतो."

"कधीपासून?"

"तू नेलंस तेव्हापासून. रोज संध्याकाळी जातो तिथून." तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता. "तू जेवताना त्याच्याकडे तोंड करून बसतेस. खुर्ची फिरवलीस. आधी खिडकीकडे असायची." आणि मग, "त्यात काय घातलंस? बाहेरून दिसत नाही."

"काही नाही घातलं. मला ते आहे तसंच हवंय."

यावर त्याला भांडायला काही सापडलं नाही. तो शोधत होता, मला दिसत होतं.

"वाकडं लावलंयस," शेवटी तो म्हणाला. "डावीकडे कललंय. तीन आठवडे बघतोय मी."

"मग रस्त्यावर उभं राहून काय बघतोस? आत ये आणि सरळ कर."

एल्मरचा एक मोजा खाली पडला. लेस्याने आधी माझ्याकडे, मग बापाकडे पाहिलं आणि हसायला लागली. ओरेस्टने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"आज?" त्याने विचारलं.

"आज मी पाचला बंद करते," मी म्हटलं. टेबलावरचा फोन पुन्हा वाजायला लागला होता, कोणाला तरी मुदत वाढवून हवी होती, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी तो वाजू दिला.